काटा तिऱ्ह्याच्या पुढे

बाळीवेस, सोलापूर
१ जून २०२५

प्रिय रुद्राणी अक्का,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो. उत्तर नको. पत्र पोचलं एवढं युवराज दाजींना कळवायला सांग, म्हणजे मी पोस्टात जाऊन विचारत बसणार नाही.

अव्वा बरी आहे. आप्पांची फियाट मी परत चालू केली, हे सांगायचं होतं. तुला त्या गाडीचा राग आहे, माहीत आहे. तीन नागपंचम्या तू सांगोल्याला सासरी, माहेरी न्यायला येईल म्हणून दारात बसून तिची वाट बघितलीस आणि ती आली नाही. चौथ्या पंचमीच्या आदल्या दिवशी आप्पा गेले. तेव्हापासून ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. कुणी ती विकावी असंही म्हटलं नाही आणि धुवावी असंही नाही. गेल्या महिन्यात मीच तिच्यावरचं कापड काढलं.

इंजिनाला तसं काही झालेलं नाही. फक्त डॅशबोर्डवरचा पाण्याच्या गरमीचा काटा मेलेला आहे. तो किती वर्षं मेला होता कोण जाणे. आप्पा म्हणायचे, गाडी गरम झाली की मला वासाने कळतं. त्या दिवशी मंगळवेढ्याच्या रस्त्यावर तिऱ्ह्याच्या पुलाजवळ गाडी तापून बंद पडली, ते डबा घेऊन पाणी आणायला उतरले आणि उन्हात कोसळले. काटा चालू असता तर ते आधीच सावलीत थांबले असते. हे मी कुणाला बोललो नाही, तुलाच लिहितोय. म्हणून पहिलं काम हेच, की नवी मीटरं बसवायची.

मी जिथे वायरिंगचं काम करतो त्या तिप्पण्णाच्या दुकानात यावरून बराच वाद झाला. त्याने निळ्या आकड्यांचं डिजिटल मीटर काढून पुढ्यात ठेवलं.

"हे लाव बे. मोबाइलसारखं दिसतंय."

मी म्हटलं, "मला काट्याचं पाहिजे. करंट न लागणारं."

"करंट न लागणारं तर घड्याळ बी येत न्हाय आता. काय करलालास बे तू, म्युझियम?"

शेवटी माळ्यावरून त्यानेच एक डबा काढला. काळी तबकडी, पांढरे आकडे, मागे तांब्याची केसासारखी बारीक नळी. नळीच्या टोकाला एक लहान फुगा असतो, तो इंजिनात पाण्यात बुडवायचा. आतला वायू तापला की फुगतो आणि काटा ढकलतो. किल्ली नको, बॅटरी नको. असं मीटर खोटं बोलू शकत नाही, म्हणून मी ते घेतलं. शेजारी ऑइलचं एक आणि चार्जिंगचं एक, अशी तीन गोल मीटरं एका पट्टीवर, स्टेअरिंगच्या डाव्या हाताला. आत बारीक दिवे आहेत, दोन हिरवे. मधला लाल लावावा लागला, कारण हिरवा संपला होता.

"तीन तीन मीटर! खिडकीतनं हवाई सुंदरी बी बसव एक," असं तिप्पण्णा म्हणाला.

अक्का, यंदा पंचमी २९ जुलैला आहे. लेकीला न्यायला मुऱ्हाळी म्हणून लहान भाऊ आला तरी चालतं, असं अव्वा म्हणते. तू काय म्हणाली होतीस ते मी विसरलेलो नाही. आप्पा स्वतः न्यायला येतील तेव्हाच मी त्या उंबऱ्यावर पाय ठेवीन, असं तू म्हणाली होतीस आणि तसंच वागलीस. त्यांना समाधीत बसवलं त्या दिवशीसुद्धा तू रुद्रभूमीवरून परस्पर गेलीस, घराचं पाणी घेतलं नाहीस. पण आता ते येऊ शकत नाहीत. मग ती अट धरून काय करायचं, हे तूच सांग.

तुझा,
श्रीशैल


१२ जून २०२५

प्रिय अक्का,

पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून चालतो.

मीटरं बसली. गरमीच्या मीटरची नळी दुमडली तर कायमची बाद होते, म्हणून तिला इंजिनाजवळ दोन वेढे देऊन मोकळी सोडली. पत्र्यातून आत घेताना रबराची चकती घातली. तिप्पण्णाने येऊन हात फिरवून बघितलं आणि काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे बरोबर आहे.

मीटरमध्ये एक बारीक दोष दिसतोय. सकाळी शेड उघडतो तेव्हा काटा खाली पाहिजे, तर तो साठाच्या आसपास उभा असतो. पत्र्याची शेड आहे, ऊन आहे, असं मी धरलं होतं. पण शेजारी टांगलेलं साधं थर्मामीटर तीस दाखवतं. बॉनेटला हात लावला तर कोमट. शेडचा पत्रा अजून गार होता, तरी हे कोमट.

आणि सीट. तुला आठवतं, आप्पा ठेंगणे, ते सीट अगदी पुढे ओढून बसायचे आणि छाती स्टेअरिंगला टेकायची. मला पाय मावत नाहीत म्हणून मी ती मागे सरकवतो. सकाळी ती पुढे असते. खाच झिजली असेल. नवीन खाच करून घेतो.

अव्वा सकाळी चहा घेऊन शेडच्या दारात उभी राहते. मी विचारलं, कुणाला? ती म्हणाली, "तुलाच की." पण कपात साखर होती. मी बिनसाखरेचा घेतो हे तिला माहीत आहे.

श्रीशैल


२५ जून २०२५

प्रिय अक्का,

मागच्या पत्रात दोष म्हणून जे लिहिलं ते मला दुरुस्त करून लिहायला हवं.

मीटर काढून दुकानात नेलं. पातेल्यात पाणी उकळून फुगा त्यात बुडवला, काटा बरोबर शंभरावर. थंड पाण्यात घातला, खाली. तिप्पण्णा म्हणाला, "मीटर ठीक हाय. तुझी गाडीच रातची कुटं जाती बघ." आणि हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

मी शेडला कुलूप लावलं. किल्ली उशाखाली ठेवली. एकदा गाडीजवळच खाट टाकून झोपलो. गाडी जागची हलली नाही, अक्का, हे मी शपथेवर सांगतो. माझा डोळा लागला असेल तेवढ्यात ती हलली असं तू म्हणशील, पण खाट दारात आडवी होती. सकाळी काटा साठावर. मग बॅटरीची वायर काढून ठेवली. सकाळी वायर निघालेलीच होती आणि काटा साठावर. करंट न लागणारं मीटर मीच निवडलं, त्याचं आता काय करू.

रेडिएटरही रोज थोडा रिकामा होतो. खाली गळतीचा डाग नाही. रोज सकाळी मी तांब्याभर पाणी घालतो.

मला राहवलं नाही म्हणून मी एक गोष्ट केली. आपल्या गाडीतला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, आप्पांनी कधीच काढून टाकला होता. सोलापूरच्या उन्हाला सगळेच काढतात. त्यामुळे इंजिन सावकाश तापतं आणि काटा बघून किती चाललं ते साधारण सांगता येतं. एका सकाळी रेडिएटरमध्ये गार पाणी भरून इंजिन थंड केलं आणि मी मंगळवेढ्याच्या रस्त्याला निघालो. सावकाश, आप्पा चालवायचे तसा. काटा साठावर आला तेव्हा मी गाडी थांबवली. समोर तिऱ्ह्याचा पूल. डाव्या हाताला ती बाभूळ, जिच्या पुढे उन्हातच त्यांची गाडी उभी सापडली होती.

मी उतरलो नाही. गाडी वळवली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा साठावर नव्हता. पासष्टच्या पुढे होता. परवा सत्तर. मी परत निघालो, परत बघितलं. सत्तरावर तिऱ्ह्याच्या पुढचं कामती येतं.

अव्वाला सांगितलं नाही. पण काल ती भाकरी थापता थापता आपणहून म्हणाली, "पुलाच्या पुढं गेले वाटतं." मी विचारलं, कोण? ती कन्नडमध्ये म्हणाली, "होगि बर्तीनि अंत हेळ्यार." जाऊन येतो म्हणालेत. आप्पा घरातून निघताना एवढंच म्हणायचे. कधी म्हणाले, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.

श्रीशैल


९ जुलै २०२५

प्रिय अक्का,

हे पत्र एकटी असताना वाच. दाजी जवळ असले तर हरकत नाही, ते चांगले आहेत.

काटा ऐंशीवर जाऊन थांबला. याचा अर्थ गाडी थांबली असा नाही. इंजिन एकदा पुरतं तापलं की पुढे किती गेलं ते गरमीचा काटा सांगू शकत नाही. म्हणून मी पेट्रोलचं मीटर बसवायला घेतलं. तिप्पण्णाकडे जे होतं ते आणलं.

ते बसवलं आणि मला वाटलं आता मला वेड लागणार. संध्याकाळी काटा पाव टाकीवर, सकाळी अर्ध्यावर. पेट्रोल रोज वाढत होतं. तिप्पण्णाला सांगितलं तर तो म्हणाला, "लई ग्वाड गाडी हाय की बे. रातची पंपावर जाती, भरून येती. माझ्या रिक्षालाबी शिकव म्हणावं."

मग त्याने बोटाने कपाळ बडवलं. टाकीतला तरंगता फ्लोट आपल्या जुन्या गाडीचा आणि मीटर त्याने दिलेलं दुसऱ्याच गाडीचं. एकाचं भरलेलं ते दुसऱ्याचं रिकामं. माल मिळेल तो जोडायचा, ही आमच्या दुकानाची रीत, त्यात हे होतं. काटा उलटा चालत होता. म्हणजे पेट्रोल वाढत नव्हतं, कमी होत होतं. टाकीत लाकडी पट्टी घालून बघितलं. बेगमपूर, माचणूर करत मंगळवेढ्याला जाऊन परत यायला जेवढं लागेल, तेवढं रात्रीत जात होतं.

तरी मला वाटलं, फ्लोटच गळत असेल. तो बघायला डिकीतून टाकीपर्यंत पोचावं लागतं. त्यासाठी स्टेपनी काढली. स्टेपनीच्या खाली आप्पांच्या दुकानाची कापडी पिशवी होती.

पिशवीत एक इरकली लुगडं होतं, तुझ्या आवडीचा मोरपंखी रंग, घडी न मोडलेली. हिरव्या बांगड्या, वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेल्या, एकही फुटलेली नाही. एक हळदीकुंकवाची पुडी. आणि पंचमीच्या ज्वारीच्या लाह्या. त्यांचा भुगा झाला आहे, पण वास येतो.

अक्का, ते दुकानाच्या कामाला मंगळवेढ्याला निघाले होते, असं सगळ्यांना माहीत आहे. मलाही तेवढंच माहीत होतं. ते त्या कामाला गेले नव्हते. पंचमीचा आदला दिवस होता आणि ते त्याच रस्त्याने पुढे सांगोल्याला निघाले होते, तुला आणायला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तीन वर्षं का गेला नाहीत हे सगळ्यांनी विचारलं असतं. त्यांचा स्वभाव तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पिशवी अव्वाला दाखवली. तिने लुगड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं. त्या दिवशी दाढी करून गेले होते."

आणखी एक लिहितो. त्यांना बसवताना काकांनी आणि मी खांदे धरले होते. हात मांडीवर राहत नव्हते. सारखे पुढे येत होते, गोल, काहीतरी धरल्यासारखे. जंगम स्वामींनी दोनदा नीट केले. तेव्हा मी नजर वळवली. आता मला कळतं ते काय धरलेलं होतं.

पिशवी मी होती तिथेच परत ठेवली आहे.

श्रीशैल


२६ जुलै २०२५

प्रिय अक्का,

काल दाजींचा फोन आला. मी आधी त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो, म्हणजे माझ्याकडून काही वाढणार नाही.

"हॅलो, पावणं, युवराज बोलतोय सांगोल्यावनं."

"बोला दाजी. अक्का बरी आहे ना?"

"ती बरी हाय. तुमचंच काय चाललंय म्हनून फोन केला. आवो, रोज पाटंचं येताय, डाळिंबाच्या बांधापाशी गाडी हुबी करताय, आन् तशीच वळवून जाताय व्हय? ही काय रीत झाली?"

मी म्हटलं, "कुठली गाडी?"

"लई शानं हाय तुमी. तुमची फियाट मी वळकत न्हाय व्हय? आत बारकं दिवं लावल्यात, दोन हिरवं आन् मधी एक लाल. लांबनं डोळं मिचकावल्यावानी दिसतंय."

"दाजी, दिव्यांचं तुम्हाला अक्काने सांगितलं का? मी पत्रात लिहिलं होतं."

"तिनं तुमची पत्रं उघडली न्हाईत, पावणं. खोटं कशाला बोलू. फळीवर ठेवल्यात, तारखंवार लावून. म्हणती, हाक मारून बोलवायचं सोडून कागद कसलं धाडतोय."

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"बायको जागीच असती वो. गाडीचा आवाज आला की उठून दाराच्या आत हुबी ऱ्हाती, कडीला हात लावून. भावानं एक हाक मारली तरी भाईर जाईन म्हणती. तुमी हाक मारत न्हाई, ती कडी काढत न्हाई. मी एकदा गेलो बांधाकडं, तर गाडी न्हाय. वल्या मातीत चाकाची खूण बी न्हाय. मला काय समजंना झालंय. तुमीच हाय की न्हाय त्यात?"

मी त्यांना "बघतो" एवढंच म्हणालो. मी नाही, हे मला फोनवर सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र सांगोल्याच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतोय. दाजी स्टँडवर घेतील आणि तुला वाचून दाखवतील, तू उघडलं नाहीस तरी. फळीवरची पत्रं त्यानंतर उघड, तारखेप्रमाणे. पण हे आधी ऐक.

अक्का, मी एकदाही आलेलो नाही. मी तिऱ्ह्याच्या पुढे कामतीपर्यंत गेलो, तेही दिवसा. रोज येतात ते वेगळे. गेल्या पंचमीला आप्पा तुलाच आणायला निघाले होते आणि तिऱ्ह्याला अडकले. आता रोज थोडं थोडं पुढे जात तुझ्या बांधापर्यंत आले आहेत. संध्याकाळी मी टाकी भरतो आणि सकाळी पेट्रोल किती गेलं ते पट्टीने बघतो. सांगोल्याला जाऊन यायला लागतं तेवढंच, ना कमी ना जास्त.

ते हाक का मारत नाहीत, हे मला काल दाजींशी बोलताना कळलं. तुला आठवतं का, मी लहान असताना आप्पा त्यांच्या बहिणीला आणायला अक्कलकोटला गेले होते, तू आणि मी मागच्या सीटवर होतो. आत्याच्या दारात ते उन्हात उभेच राहिले. तू म्हणालीस, आप्पा, आत चला ना. ते म्हणाले, मुऱ्हाळ्याने हाक मारायची नसते. लेकीने तांब्या घेऊन बाहेर यायचं, त्याच्या पायावर पाणी घालायचं, मग त्याने उंबरा ओलांडायचा. पाणी आल्याशिवाय आत जाणारा मुऱ्हाळी नव्हे, भिकारी. आत्याला यायला उशीर झाला तर त्यांचे पाय पोळले, पण ते हलले नाहीत.

त्यांना पाणीच पाहिजे आहे, अक्का. तिऱ्ह्याला ते पाणीच आणायला उतरले होते. सापडले तेव्हा हातातला डबा कोरडा होता. तू आत हाकेची वाट बघतेस, ते बाहेर पाण्याची. असं किती दिवस चालणार? पंचमी मंगळवारी आहे. ती गेली की ते येतील की नाही, मला माहीत नाही.

मला भीती वाटते, हे मी लपवत नाही. हे लिहितानाही शेडकडे पाठ करून बसलो आहे. पण मी सोमवारी येतोय. दिवसा नाही, त्यांच्याच वेळेला. गाडीची किल्ली खुंटीला आहे, तिथेच राहील. बॅटरीची वायर मी जोडून ठेवीन, बाकी कशाला हात लावणार नाही. सीट पुढे आहे ती पुढेच ठेवली आहे, मागे सरकवणार नाही. मी डाव्या बाजूला बसेन. अव्वाने पिशवीत ताज्या लाह्या घातल्या आहेत.

तुझी अट तू सोडू नकोस. ती पुरी होते आहे.

गाडीचा आवाज आला की हाकेसाठी थांबू नकोस. भरलेला तांब्या घेऊन बाहेर ये. ड्रायव्हरच्या बाजूला जा. मी काही बोललो नाही तर घाबरू नकोस, मी तिथेच असेन. आधी पायांवर घाल. सगळं संपवू नकोस, उरलेलं रेडिएटरला लागेल, परत येताना तिऱ्ह्याचा पूल आहे.

तुझा,
श्रीशैल

ता. क. — २७ जुलै, सकाळ. पत्र बंद करण्याआधी शेड उघडून आलो. आज गरमीचा काटा खाली आहे. बॉनेट गार. पेट्रोल काल होतं तेवढंच, रेडिएटर काठोकाठ भरलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच गाडी कुठे गेलेली नाही. कुलूप मीच उघडलं, आत कुणी नव्हतं. फक्त गाडीचं डाव्या बाजूचं दार उघडं होतं.